सरकारची 20 तारीख, माझी 16: सांगलीतल्या एका छोट्या ऑफिसचं प्रकरण

20 एप्रिल 2023, गुरुवार. रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते आणि मी ऑफिसातच होते. समोर जीएसटी पोर्टलवरचं चक्र गरगरत होतं. दुकानदारांची कराची रिटर्न भरून देणं हे माझं काम. 20 ही शेवटची तारीख, आणि तीन रिटर्न अजून बाकी होती. त्यातल्या एका हार्डवेअरवाल्यांचं सगळं तयार होतं, फक्त ओटीपी हवा होता. तो त्यांच्या मोबाइलवर गेला होता आणि ते झोपले होते. सहा वेळा फोन लावला. बारा वाजून गेले, तारीख बदलली, आणि ते रिटर्न 21 तारखेचं झालं.

कर होता 84,000 रुपये. वर्षाला 18 टक्के दराने एका दिवसाचं व्याज झालं 41 रुपये, आणि लेट फी दिवसाला 50. एकूण 91 रुपये. ते मी माझ्या फीमधून वजा केले. दुसऱ्या दिवशी ते आले, रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "मॅडम, बिलं तर मी तुमच्याकडं 12 तारखेलाच दिलेली की."

दिली होती. आठ दिवस ती पिशवी माझ्या टेबलाखाली होती. पोर्टल हळू होतं हे खरं, पण पोर्टल मला आठ दिवस थांब म्हणालं नव्हतं.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला अर्थ मंत्रालयाने एप्रिलच्या वसुलीचे आकडे जाहीर केले. 20 एप्रिल या एकाच दिवशी देशभरात 9.8 लाख व्यवहारांतून 68,228 कोटी रुपये भरले गेले होते. तोवर कुठल्याही एका दिवशी एवढा भरणा झाला नव्हता. पेपरात ती कौतुकाची बातमी होती. मी वाचली तेव्हा मला त्या दाराशी उभी असलेली गर्दी दिसली आणि त्या गर्दीत मी दिसले. दार सगळा महिना उघडं असतं.

पुढचे पाच महिने मी जे केलं त्याची ही नोंद आहे. माझ्यासारखी एकट्याने किंवा एका मदतनिसावर चालणारी ऑफिसं प्रत्येक गावात आहेत. कुणाची शिवणकामाची, कुणाची छपाईची, कुणाची शिकवणीची. त्यातल्या कुणाला यातलं काही उचलता आलं तर बरं, म्हणून जे फसलं तेही लिहिते आहे.

आधीची घडी

जीएसटी 1 जुलै 2017 ला लागू झाला. त्याआधी मी व्हॅटची कामं करत होते. एका खोलीचं ऑफिस, मदतीला एक मुलगी, आणि एप्रिल 2023 मध्ये जीएसटीची 46 खाती: किराणा, हार्डवेअर, औषधांची दुकानं, दोन-तीन बेदाण्याचे आणि हळदीचे व्यापारी. शिवाय नोकरदारांची आयकर रिटर्न, ती जुलैत.

महिन्याचं चक्र असं. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, 7 तारखेपर्यंत भरायचा. विक्रीचं जीएसटीआर-1 हे 11 तारखेपर्यंत. समोरच्या पुरवठादारांनी आपापली विक्री दाखवली की 14 तारखेला जीएसटीआर-2बी तयार होतं. आपल्या पार्टीला, म्हणजे ज्याचं खातं त्या व्यापाऱ्याला, खरेदीवरचं किती क्रेडिट (आधीच भरलेल्या कराची वजावट) मिळणार ते त्यावरून कळतं. मग 20 पर्यंत 3बी, म्हणजे खरा भरणा.

आता माझा दिवस सांगते. साडेदहाला ऑफिस उघडायचं. संगणक सुरू होईपर्यंत व्हॉट्सॲपवर चाळीसएक निरोप. त्यातला जो वरचा, ते काम पहिलं. ते अर्ध्यावर असताना फोन. फोनवरच्याचं काम दोन मिनिटांचं, म्हणून ते आधी. तेवढ्यात दारात कुणी बिलं घेऊन उभं. संध्याकाळी सातला मी दमलेली असायचे आणि आज काय पूर्ण झालं असं कुणी विचारलं असतं तर एक नाव सांगता आलं नसतं. जेवणं झाल्यावर परत ऑफिस, कारण शांतता रात्रीच.

17 ते 20 या चार दिवसांत घरात माझा उपयोग नसायचा. माझी मुलगी तेव्हा नववीची परीक्षा देऊन दहावीत जाणार होती. ती एकदा सहज म्हणाली, "आई, तुझी वीस तारीख झाली की सांग, मला एक दाखवायचंय." काय दाखवायचं होतं ते 21 ला विचारलं तर तिला आठवेना. हे वाक्य मी त्या रात्री चक्राकडे बघत बसले असताना मला परत ऐकू आलं.

जे टिकलं नाही

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच केला: पहाटे पाचला उठायचं. 24 एप्रिलला सुरुवात केली आणि दहा दिवस नेटाने उठले. पहाटे ऑफिसात बसून रात्रीचे साचलेले निरोप वाचले, कारण ते दिसत होते. रिटर्न भरता येईनात, कारण ओटीपी देणारे झोपलेले. दुपारी तीनला आकडे डोळ्यांसमोर पोहायला लागायचे आणि एका खात्यात खरेदीची रक्कम विक्रीत लिहिली गेली. तेव्हा थांबले. लवकर उठणं वाईट नाही. माझ्या घरात सासूबाई साडेचारला उठतात आणि त्यांचा दिवस रेखीव असतो. पण माझी अडचण तासांची कमतरता नव्हती. तीच विस्कळीत कामं पहाटेही तशीच विस्कळीत झाली.

मग मोबाइलवर कामांची यादी करणारं ॲप घेतलं. यादी बघायला फोन उघडायचा आणि फोन उघडला की निरोप. चार दिवसांत काढून टाकलं.

तिसरं, भिंतीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचं वेळापत्रक लावलं. पहिल्याच दिवशी अकराच्या आत ते मोडलं, आणि एकदा मोडलं की आजचा दिवस गेलाच असं वाटून उरलेला दिवस मी पुन्हा वरच्या निरोपाच्या स्वाधीन केला. ज्या वेळापत्रकात चुकायला जागाच नाही ते माणसासाठी केलेलं नसतं, असं मला आता वाटतं.

उभ्या रेघा

इथे मला मदत झाली ती माझ्याच व्यवसायाची. कुठलाही व्यापारी "धंदा बसलाय" म्हणत आला तर मी आधी वह्या मागते. खर्च कुठे होतो ते बघितल्याशिवाय सल्ला देत नाही. स्वतःच्या वेळेची मात्र मी कधी वही ठेवली नव्हती.

8 मे सोमवार ते 20 मे शनिवार, बारा कामाचे दिवस, मी टेबलावर एक कोरी वही ठेवली. फोन आला की एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. रेघेपुढे एका शब्दात कारण. सुधारायचं काहीच नाही, फक्त मोजायचं, असं ठरवलं होतं. महिन्यातले सगळ्यात वाईट दिवस यात येत होते आणि ते मुद्दाम निवडले होते.

बारा दिवसांत 412 फोन. दिवसाला चौतीस. त्यातले 131 फोन एकाच प्रश्नाचे: "माझं रिटर्न गेलं का?" 74 फोन: "किती भरायचं?" 66 फोन: "बिलं पाठवली, मिळाली का?" 58 ओटीपीचे. बाकीचे 83 इतर, त्यात घरचेही आले.

ही बेरीज मी दोनदा केली. पहिल्या चार कारणांची मिळून 329, म्हणजे दर पाचांतले चार फोन असे होते की तो प्रश्न येणार हे मला आधी माहीत होतं. आणि तो यायचा कारण उत्तर मी स्वतःहून दिलं नव्हतं. रिटर्न भरलं की मी पुढच्या फाइलकडे वळायचे, पार्टीला कळवायचे नाही. मग तिने विचारायला फोन केला तर त्यात तिचं काय चुकलं? इतकी वर्षं मी म्हणत होते की लोक मला काम करू देत नाहीत. त्या वहीने ते वाक्य माझ्याकडून काढून घेतलं.

दुसरी गोष्ट त्याच पानांवर दिसली. बिलं कधी आली ते मी कोपऱ्यात लिहीत होते. बरीचशी 15 ते 18 च्या दरम्यान. दोन जणांना सहज विचारलं, एवढा उशीर का होतो? दोघांचं उत्तर एकच: "तुम्हीच म्हणता ना, वीसच्या आत द्या."

खरंच, मी तसंच म्हणत होते. सरकारने मला दिलेली तारीख मी जशीच्या तशी पुढे ढकलत होते आणि मधल्या माझ्या कामाला एक दिवसही ठेवत नव्हते.

नवीन तारखा

जून 2023 पासून मी माझ्या तारखा केल्या. विक्रीची यादी आणि खरेदीची बिलं 7 तारखेपर्यंत. जीएसटीआर-1 मी 10 ला संपवणार. 14 ला 2बी आलं की 15 आणि 16 ला खरेदीच्या बिलांशी त्याची जुळवणी, आणि 16 च्या संध्याकाळपर्यंत प्रत्येकाला भरायचा आकडा कळवणार. 17 आणि 18 ला ओटीपी घेऊन रिटर्न. 19 आणि 20 हे दोन दिवस रिकामे. कुणाचं कर भरण्याचं चलन अडकलं, कुणाची बँक बंद पडली, कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर त्यासाठी. भिंतीवरच्या त्या वेळापत्रकात जी जागा नव्हती ती इथे ठेवली.

हे सगळं एका लांब वहीत. खतावणीसारखी आडवी वही, डावीकडे खात्यांची नावं, वर सहा रकाने: बिलं आली, विक्री भरली, जुळवणी, आकडा कळवला, रिटर्न गेलं, पार्टीला कळवलं. काम झालं की टिंब. संगणकावर हे सहज करता आलं असतं. पण वही उघडी टेबलावर पडून राहते, मदतीच्या मुलीला दिसते, मला दिसते, आणि ती उघडताना मध्ये कुणाचा निरोप येत नाही. सहावा रकाना सगळ्यात महत्त्वाचा निघाला. रिटर्न गेलं की त्याच क्षणी दोन ओळींचा निरोप: रिटर्न भरलं, पावतीचा नंबर अमुक. "गेलं का?" हे फोन दोन महिन्यांत जवळपास थांबले.

फोनसाठी दुपारी बारा ते एक आणि संध्याकाळी पाच ते सहा अशा दोन वेळा ठेवल्या. बाकी वेळ ऑफिसचा नंबर मदतीची मुलगी घेते. माझा मोबाइल कपाटात, आवाज बंद. घरच्यांसाठी ऑफिसचा नंबर. पहिल्या आठवड्यात माझा हात दर दहा मिनिटांनी कपाटाकडे जायचा. हे लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण ते जवळजवळ प्रत्येकाचं आहे. सवय पार्टीची जेवढी होती तेवढीच माझीही होती. फोन वाजला की आपण कुणाला तरी हवे आहोत असं वाटतं, आणि ते सुटायला वेळ लागतो.

सकाळचे पहिले दोन तास जुळवणीला, कारण त्यात डोकं लागतं. संध्याकाळी निघताना उद्याची तीन कामं एका चिठ्ठीवर लिहून ती कीबोर्डखाली ठेवायची. सकाळी आल्यावर पहिलं ते बघायचं, निरोप नंतर.

आणखी एक निर्णय बराच आधी घ्यायला हवा होता. पाच कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना 2021 पासून तिमाही रिटर्नचा पर्याय आहे. मी मात्र सगळ्यांना महिन्यालाच ठेवलं होतं, एकच तारीख लक्षात ठेवायला सोपी म्हणून. जुलै-सप्टेंबर तिमाहीसाठी हा पर्याय 1 मे ते 31 जुलै या काळात निवडता येत होता. बसून यादी केली. ज्यांचं गिऱ्हाईक थेट घरगुती, अशा 14 दुकानांना समजावून तिमाहीत नेलं. त्यांना पहिल्या दोन महिन्यांत 25 तारखेपर्यंत फक्त कर भरावा लागतो, आणि तोही हवा तर मागच्या तिमाहीत रोखीने भरलेल्या कराच्या 35 टक्के असा ठरावीक. ठोक व्यापाऱ्यांना मात्र महिन्यालाच ठेवलं. त्यांच्याकडून माल घेणाऱ्यांना दर महिन्याला क्रेडिट हवं असतं, आणि तिमाहीत गेल्यावर त्यासाठी 13 तारखेपर्यंत वेगळी यादी भरावी लागते, म्हणजे काम वाचत नाही. याची दुसरी बाजूही सांगते: ऑक्टोबरात तिमाहीच्या विक्रीची 13 आणि भरण्याची 22 अशा दोन तारखा नव्याने मागे लागल्या. पण तिमाहीतले पहिले दोन महिने श्वास मिळाला.

लोकांना सांगणं सोपं गेलं नाही. मी प्रत्येकाला स्वतः भेटून किंवा फोन करून सांगितलं, कारण छापील सूचना कुणी वाचत नाही. बहुतेक जण "चालतंय की" म्हणाले. औषध दुकानवाल्या ताईंनी तर विचारलं, "मग आधी का नाही सांगितलं ओ?" ज्यांची बिलं 7 नंतर येतील त्यांचं काम रांगेच्या शेवटी होईल, एवढीच अट ठेवली. एकाला ती मानवली नाही. चांगली फी देणारं खातं होतं. त्यांचे दिवाणजी रात्री साडेनऊला आकडे सांगायचे आणि ते त्याच वेळी लिहून घेतले जावेत अशी त्यांची अपेक्षा होती. जूनअखेर ते खातं गेलं. त्या महिन्यात मला झोप नीट लागली नाही. फीचा आकडा डोळ्यांसमोर यायचा आणि मी चूक तर करत नाही ना असं वाटायचं. नवऱ्याने एकच विचारलं, "रात्री साडेनऊची ती वेळ त्या फीमध्ये धरली होतीस का?" धरली नव्हती.

जुलै

मग घसरण झाली. 12 जुलैपासून आयकर रिटर्नची रीघ लागली आणि लांब वही मिटली ती मिटलीच. फोन कपाटातून टेबलावर आला. कारण साधं होतं: जीएसटीच्या कामाला मी तारखा दिल्या होत्या, आयकराच्या कामाला दिल्याच नव्हत्या. नोकरदारांना फॉर्म 16, म्हणजे पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, 15 जूनपर्यंत मिळतो, म्हणजे माझ्याकडे दीड महिना होता. पण मी 31 जुलै म्हटलं होतं, म्हणून लोक 25 नंतर आले. त्या वर्षी 31 जुलैच्या एका दिवसात देशात 64 लाखांवर रिटर्न भरली गेली. त्यातली अकरा माझ्या टेबलावरून गेली, शेवटचं रात्री साडेदहाला.

1 ऑगस्टला सकाळी मी नवा संकल्प केला नाही. वही उघडली, जुलैचे रिकामे रकाने तसेच सोडले आणि ऑगस्टचं पान आखलं. शेवटच्या पानावर पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवलं: आयकर, कागद 30 जूनपर्यंत. परत येणं इतकं छोटं ठेवलं म्हणूनच परत येता आलं, असं माझं मत आहे. मागचा राहिलेला सगळा डोंगर उपसून मग सुरू करू म्हटलं असतं तर ऑगस्टही गेला असता.

हरतालिका ते विसर्जन

2023 मध्ये गणेश चतुर्थी 19 सप्टेंबरला होती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती, म्हणजे विसर्जन नेमकं 20 ला. कॅलेंडरवर हे मी जूनमध्येच बघितलं होतं आणि तेव्हा पोटात गोळा आला होता.

महिन्याची खाती आता 31 होती. 16 तारखेला, शनिवारी, संध्याकाळी सहापर्यंत सगळ्यांना आकडे कळवून झाले. रविवारी मी ऑफिस उघडलं, चार तास, आणि 18 च्या सोमवारी बाकीचं. 18 ला हरतालिका होती, माझा उपवास होता, आणि दुपारी शेंगदाण्याचा लाडू खाऊन मी ओटीपी मागत होते. दिवस मावळताना 31 पैकी 29 रिटर्नपुढे पाचवं टिंब पडलं होतं. राहिलेल्या दोघांपैकी एकाचं चलन बँकेत अडकलं होतं, ते 19 ला सकाळी मूर्ती आणायला जाण्याआधी सुटलं. दुसऱ्याचं 20 ला दुपारी मदतीच्या मुलीने भरलं. तोवर ती ते एकटीने करायला शिकली होती, कारण वहीत पुढची पायरी कुठली हे तिला दिसत होतं.

20 ला संध्याकाळी आम्ही कृष्णेच्या घाटावर होतो. दहीभाताची शिदोरी मी स्वतः बांधली होती. मुलगी मूर्ती धरून पायऱ्या उतरत होती आणि मी मागून तिला पाय जपून टाक म्हणत होते. माझा फोन ऑफिसच्या कपाटात होता. रात्री परत आल्यावर तिने मला दहावीच्या भूमितीतली एक आकृती दाखवली. तिला जमलेली होती, फक्त दाखवायची होती.

अजून सगळं बसलेलं नाही. वर्षअखेरीला मार्चमध्ये माझी वही पुन्हा विरळ होते. दोन खाती अजून 17 ला बिलं देतात आणि रांगेच्या शेवटी थांबतात. आणि हळदीचे एक व्यापारी आहेत, पंचाहत्तरीच्या आसपासचे. त्यांना मोबाइलवर कळवलेला आकडा चालत नाही. त्यांची विक्रीची यादी मुलगा वेळेत पाठवतो, पण भरणा करण्याआधी ते स्वतः कापडी पिशवी घेऊन येतात, चष्मा लावतात आणि प्रत्येक रक्कम माझ्याकडून वाचून घेतात. पाऊण तास जातो. सुरुवातीला त्यांनाही निरोपावर भागवायला सांगणार होते, मग नाही सांगितलं. दर महिन्याचं पान आखताना त्यांच्या नावापुढे मी आधीच लिहून ठेवते: 16, दुपारी चार, काका, चहा.